फायलींची बोळवण करणारे साडू

खराब झालेल्या फायली संगणकातून पुसून टाकणारी माणसं जगात लाखांनी असतील. पण पुसण्याआधी पायांतली चप्पल काढून, हात धुऊन, त्या फायलीसमोर क्षणभर गप्प उभा राहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतो आहे असं वाटेल, पण तसं नाही. या माणसाचा मी तब्बल अकरा महिने अपराधी होतो, आणि ज्याचा अपराध केला त्याचं कौतुक करायला बसलं की ते जरा जास्तच होतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा वाचकांनी इथून पुढचं थोडं कमी करून घ्यावं. चपलेचं मात्र कमी करू नये. ते अगदी खरं आहे.

माझ्या बायकोची थोरली बहीण रोह्याला दिलेली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईंचे यजमान ते माझे साडू. मी त्यांना साडू म्हणतो, तेही मला साडू म्हणतात, त्यामुळे आम्ही दोघं बोलायला लागलो की तिसऱ्याला कोण कोणाला हाक मारतोय ते कळत नाही. आमचं मात्र अडत नाही. रोह्याच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात त्यांची उभी हयात गेली. दाब, तापमान, पातळी दाखवणारे काटे बघायचे, आणि काटा काही दाखवत असला तरी त्याच्यावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. आमच्या घरी आले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघतात, मग स्वतःच्या मनगटावरचं, मग माझ्या बायकोला विचारतात, "गो, किती वाजले?" आणि तिघांची सरासरी काढल्यासारखा चेहरा करून बसतात. एकदा ते आलेले असताना मला ताप भरला. त्यांनी थर्मामीटर घेतला, तो आधी स्वतःला लावला, मग माझ्या बायकोला, मग माझ्या थोरल्या भावाला, आणि यंत्र बरोबर दाखवतंय अशी खात्री झाल्यावर मला. तोवर माझा ताप उतरला होता. "बगा," ते म्हणाले, "घाई केली असती तर उगाच ताप निघाला असता."

असा माणूस दिवसभर घरात बसणं कोणाच्याच हिताचं नव्हतं. ताईंनीच त्यांना संगणकाच्या क्लासला घातलं. बाकीचे निवृत्त लोक तिथे पत्र लिहायला, फोटो पाठवायला शिकले. साडूंना चांगल्या फायलींत रसच वाटेना. "चालणारं मशीन काय, कोणी पण चालवील," असं त्यांचं मत पडलं. त्यांचं लक्ष होतं ते न उघडणाऱ्या फायलींवर, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आलेल्या फोल्डरांवर, 'वाचता येत नाही' असा निरोप देणाऱ्या फोटोंवर. त्यांना ते खराब म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. फारच वाईट अवस्था असेल तर 'गेलेली'. आणि 'डिलीट' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढला तर कोणी शिवी दिल्यासारखे ते खाली बघतात. त्यांचा शब्द 'बोळवण'.

आता पेण-रोह्याकडच्या माणसाला निरोप द्यायचा म्हटलं की एकच रीत ठाऊक. गणपतीची उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची जराशी हलवायची आणि मगच ती बाहेर न्यायची. साडू फायलीचंही तेच करतात. आधी ती तिच्या फोल्डरातून उचलून शेजारच्या फोल्डरात ठेवतात. "जागची हलवल्याबिगर काय पण नेऊ नये," ते सांगतात. "कुठल्या प्रोग्रामनं तिला धरून ठेवलं असलं तर ती हलतच नाय. मग समजायचं, हिची कोणाला तरी गरज हाय." यात कुठेही भाबडेपणा नाही, इन्स्ट्रुमेंट खात्यातला सगळा संशय त्यात आहे. हलली तर तिला लगेच काढत नाहीत. ज्या ज्या संगणकाला साडूंचा हात लागला त्याच्या पडद्यावर चार फोल्डर दिसतील: दीड दिवस, पाच दिवस, गौरीबरोबर आणि अनंत. किरकोळ फायली दीड दिवसात. पत्रं, अर्ज वगैरे पाच दिवसांत. फोटो गौरीबरोबर. आणि हे नक्की काय आहे ते खुद्द मालकालाही सांगता येत नाही असं सगळं पार अनंत चतुर्दशीच्या हिशेबाने दहा दिवस. तेवढ्या मुदतीत कोणी चौकशी केली नाही, कुठला प्रोग्राम रडला नाही, तरच बोळवण. रोह्याच्या ग्रंथालयातल्या बाईंनी 'यादी जुनी नको' नावाची आजारी फाईल ताबडतोब काढा म्हणून त्यांच्या मागे धोशा लावला होता. साडूंनी ती पाच दिवसांत टाकली. चौथ्या दिवशी बाई धापा टाकत त्यांच्या घरी आल्या. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय याची ती एकुलती एक यादी होती. अजूनही साडू ग्रंथालयात शिरले की बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहतात.

याहून अवघड सवय म्हणजे नाव घेण्याची. काढायच्या प्रत्येक फायलीचं नाव ते मालकाकडून मोठ्याने म्हणवून घेतात. मनातल्या मनात चालत नाही. "पुटपुटू नका, नीट घ्या," असं सांगतात, आणि मालकाने नाव घेतलं की विचारतात, "नक्की?" मालक म्हणतो, "नक्की." असं तीनदा. एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक यात सापडले. त्यांच्या मशीनमध्ये जुन्या लग्नांचे आजारी व्हिडिओ होते, आणि नेमके त्याच वेळी मुलीकडचे पाचसहा लोक तारीख ठरवायला समोर बसले होते. व्यवस्थापकांनी खालच्या आवाजात सुरुवात केली. "पुटपुटू नका," साडू म्हणाले. मग त्या गृहस्थांना खड्या आवाजात म्हणावं लागलं, "वरमाय रुसली एक. वरमाय रुसली दोन. वरमाय रुसली फायनल. वरमाय रुसली फायनल खरंच." मुलीकडचे लोक चहा घेऊन येतो म्हणून उठले ते आलेच नाहीत. साडूंना याचं काही वाटलं नाही. "चौथी 'फायनल खरंच' होती ना, ती ठेवली असती," एवढंच ते मला नंतर म्हणाले.

पेणला रामवाडीच्या अलीकडे माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा गणपतींचा कारखाना आहे. तिथे एक काळं, दांडगं मशीन आहे. विकणाऱ्याने त्याला वर्कस्टेशन म्हटलं म्हणून आम्हीही वर्कस्टेशन म्हणतो. साच्यांची चित्रं, मापं, मूर्तींचे फोटो सगळं त्याच्यात. हे मशीन साडूंचं लाडकं पेशंट. शाडूची आणि प्लास्टरची भुकटी आमच्याकडे हवेपेक्षा जास्त असते. साडू पहिल्यांदा ते मशीन उघडून बसले तेव्हा त्यांनी रंगकामाचा मऊ कुंचला मागितला, आतली सगळी भुकटी झाडून वर्तमानपत्रावर ढीग केला आणि म्हणाले, "साडू, यात एक उंदीर होईल." माझ्या भावाने, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो ढीग कालवून खरोखरच एक उंदीर केला. मशीनच्या डोक्यावर तो बरेच दिवस बसलेला होता. गिऱ्हाइकं त्याचा भाव विचारायची.

दादाचं खरं काम मात्र उंदराचं नाही, डोळ्यांचं. मूर्ती घडवणारे पेणमध्ये पैशाला पासरी मिळतील, पण डोळ्यांची आखणी प्रत्येकाला साधत नाही. बुबुळ, पापणीची रेघ, भुवई. एक केस इकडचा तिकडे झाला तर देव रागावलेला दिसतो नाहीतर झोपाळू. दादाने तीस वर्षं आखणी केली. मग त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी दगा दिला. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार, ऑपरेशनं झाली, पण बारीक रेघ दिसेना. त्याने कुंचला खाली ठेवला आणि तो रागावला नाही की रडला नाही, फक्त सगळ्यांशी जरा जास्त सभ्यपणे बोलायला लागला. त्याने आखलेला प्रत्येक गणपती पाण्यात गेलेला. राहिले होते ते फोटो. मूर्ती बाहेर पडण्यापूर्वी आम्ही डोळ्यांचा जवळून फोटो काढत असू. असे अनेक वर्षांचे फोटो त्या मशीनमध्ये 'आखणी' नावाच्या फोल्डरात होते. आता ज्या बायका आमच्याकडे आखणी करतात त्या ते फोटो समोर ठेवून शिकल्या, आणि दादा संध्याकाळी पडद्याला नाक लावून ते बघत बसायचा.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या भागात वीज दिवसातून चारदा जायला लागली. मशीनच्या बॅटरीने आधीच मान टाकली होती. एक दिवस 'आखणी' उघडेना. काही फोटो दिसत, काही नाहीत, काहींच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मी रोह्याला फोन केला. साडू पुढच्या गाडीने आले. चप्पल दाराबाहेर, हात धुतले, बसले. अख्खं फोल्डर कॉपी करून घ्यायला बघितलं, पण कॉपीच होईना. मग त्यांनी मशीनला स्वतःचीच तपासणी आणि दुरुस्ती करायला लावली. पडद्यावर टक्के दिसायला लागले. एक टक्का व्हायला पाव तास. रोह्याची गाडी पकडण्यासाठी निघताना ते मला म्हणाले, "साडू, दुरुस्ती पुरी झाली की मग कॉपी काढू. तोवर मशीनला हात लावायचा नाय. काय पण झालं तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मंडळाचा गणपती न्यायला माणसं यायची होती आणि त्याची सोंड ओली होती. बाकी सगळा सुकलेला, सोंड ओली. हवा अशी दमट की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. सगळे पंखे, सगळे दिवे इतर मूर्तींना लावलेले. मोठा उभा पंखा सोंडेपर्यंत न्यायचा तर जवळचा पॉइंट एकच, आणि त्यात मशीनचा प्लग. मी पडद्याकडे बघितलं. सदुसष्ट टक्के. मी मनात म्हटलं, दहा मिनिटं. आणि प्लग काढला.

सोंड सुकली. मंडळाची माणसं ढोल वाजवत मूर्ती घेऊन गेली. मी प्लग परत लावला. मशीन सुरू झालं, त्याने आपलं आपण काही तरी तपासलं आणि नेहमीचा पडदा दाखवला. 'आखणी' फोल्डर जागेवर होतं. उघडलं तर आत काही नव्हतं.

साडू आले तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि दादा मागे खुर्चीत. साडूंनी फोल्डर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मधे लाईट गेली होती काय?" मी म्हणालो, "नाही." "मशीनला कोणी हात लावला?" मी म्हणालो, "नाही." रोज चारदा जाणारी लाईट त्या दोन दिवसांत नेमकी गेली नव्हती. मशीनला मी हात लावला नव्हता, प्लगला लावला होता. दोन्ही उत्तरं अक्षर न् अक्षर खरी होती, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. मागे दादा बसला होता हो. त्याच्यासमोर सांगायचं धाडस झालं नाही. उद्या सांगू असं वाटलं. साडू बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग माझ्याच हातून झालं. कॉपी करताना कायतरी दाबलं गेलं असणार." त्यांनी उठून दादाला हात जोडले. "तुमचे डोळे घालवले मी," असं म्हणाले. दादा सभ्यपणे म्हणाला, "असू दे, होतं असं." आणि साडू चहा न घेता गेले. आमच्या घरातून ते चहा न घेता गेले असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी संगणकाला हात लावणं सोडलं. ग्रंथालयाच्या बाई बोलवायला आल्या, त्यांना "माझा हात आता चांगला नाय" म्हणून परत पाठवलं. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापकसुद्धा आले, म्हणजे बघा. पण त्यांची रीत काही त्यांना सोडवेना, आणि ती सगळी ताईंच्या स्वयंपाकघरावर निघाली. ताई माझ्या बायकोला फोन करून सांगायच्या आणि मी शेजारी बसून ऐकायचो. "अगो, लोणच्याची बरणी फडताळातून काढून खिडकीत ठेवली. विचारलं तर म्हणतात, पाच दिवसांत कोणी मागितली नाय तर काढू. आणि पाचव्या दिवशी मला म्हणतात, मोठ्यानं नाव घे. मी लोणच्याचं नाव घेऊ? शेजारीण कुंपणावरनं बघत होती गो!" बायको हसून हसून लोळायची. मीही हसायचो, आणि मग मला अन्न गोड लागत नसे. पुढे ताईंनी आणखी सांगितलं, "काल माझी जुनी साडी दहा दिवसांत टाकलीनी. मी विचारलं, आणि मी कितीमध्ये? तर म्हणतात, तू हलत नायस."

मी तीनदा कबुली द्यायला गेलो. पहिल्यांदा फोन केला. त्यांनी पाऊस कसा आहे विचारलं, मी कसा आहे ते सविस्तर सांगितलं आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन रोह्याला गेलो. ताईंनी इतकं जेवू घातलं की तोंड उघडायला जागाच उरली नाही, आणि पापड देऊन परत आलो. तिसऱ्यांदा, या वर्षी मूर्तींना रंग चढायच्या आधी, गेलो तेव्हा साडू ओट्याशी बसून तुरीची डाळ निवडत होते. एकेक डाळ उचलून उजेडात धरत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "साडू, प्लग मी काढला."

"कुठला?"

"गेल्या वर्षीचा. मशीनचा. दुरुस्ती चालू असताना."

त्यांच्या हातातली डाळ तशीच राहिली. "कशाला काढलात?"

"पंख्याला. सोंड सुकत नव्हती."

"कोणाची?" ताई आतून ओरडल्या.

"गणपतीची, ताई."

साडू डाळीकडे बघत होते. मला वाटलं आता ताट उडणार. पण त्यांच्या डोळ्यांत कंपनीतला काटा हलावा तसं काही तरी हललं. "टक्के किती झाले होते?"

"सदुसष्ट."

"नक्की?"

"नक्की. झोपेतून उठवलं तरी सांगेन."

"अहो, मग पुसलं कोणी!" ते ताट बाजूला सारून उभे राहिले. "कोणीच नाय पुसलं! मधेच तुटलं ते. दुरुस्तीत मशीनला जे तुकडे सापडतात ना, ते नावं काढून एका लपवलेल्या फोल्डरात टाकतं. सदुसष्ट म्हणजे पुष्कळसं टाकलेलं असणार. मला कोणी सांगितलं असतं तर मी पहिलं तिथंच बघितलं असतं. माझ्या हातानं पुसलं असं समजून मी बघितलंच नाय!" त्यांनी खुंटीवरचा शर्ट ओढला.

"अवो, भात झालाय," ताई म्हणाल्या.

"गो, सदुसष्ट टक्के!" साडू म्हणाले आणि उलटा शर्ट घालून बाहेर पडले.

गाडीत मात्र ते माझ्याशी बोलेनात. खिडकीशी बसून बाहेर बघत राहिले. निडी गेलं. नागोठणे आलं तेव्हा मान न वळवता म्हणाले, "अकरा महिने, साडू." कासूला म्हणाले, "तुमच्या दादांना हात जोडले मी." मी म्हणालो, "हो." मग पेणपर्यंत काही नाही. मला वाटत होतं त्यांनी मला चार लोकांदेखत शिव्या घालाव्यात, निदान डब्यातल्या माणसांना तरी कळावं मी काय आहे ते. तेवढंही त्यांनी दिलं नाही. पेणला उतरल्यावर समोर उभं राहून म्हणाले, "चला. आणि दादांना तुम्ही सांगायचं. मी नाय."

दादाला मी कारखान्याच्या दारातच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, माझ्या दिशेने जरा वेळ बघितलं, आणि म्हणाला, "तरी म्हटलं, त्या मंडळाची सोंड इतक्या लवकर सुकली कशी."

साडूंनी लपवलेलं फोल्डर शोधून काढलं. आत नावं नव्हती, नुसते आकडे. एकेकाला फोटोसारखं नाव देऊन ते उघडत गेले आणि एकेक डोळा पडद्यावर यायला लागला. आखणीच्या बायका हातातलं काम टाकून मागे जमल्या. दादा नाक लावून बसला होता. त्याला चित्र पूर्ण दिसत नसावं, पण एखाद्या भुवईचा बाक दिसला की तो ओळखायचा. "हा कोपऱ्यातल्या वकिलांचा. याची बुबुळं जरा मोठी झाली होती, त्यांची नात घाबरली होती." "हा माझ्या लग्नाच्या वर्षीचा... नाय, त्याच्या पुढच्या." बरेचसे पुरते निघाले. त्या दिवशी साडूंनी चहा घेतला, दोनदा घेतला. त्यांनी मला माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रोह्यात मात्र दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयाच्या बाई खुर्चीवरून उठल्या असं ताईंकडून कळलं. लोणचं फडताळात परत गेलं.

काही तुकडे खरोखरच गेलेले होते. सगळं राखाडी, किंवा वर एखादी रेघ आणि खाली राखाडी. त्यांची बोळवण करायला साडू पुढच्या आठवड्यात परत आले. सगळं यथासांग झालं. दादाने मोठ्याने आकडे म्हटले, तीनदा नक्की म्हटलं. साडूंनी उंदरावर, म्हणजे संगणकाच्या माऊसवर, हात ठेवला आणि काढायची फाईल निवडायला बोट दाबलं. फाईल उघडली. त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा उघडली. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघितलं. ते एकदा दाबायला जात होते आणि बोट दोनदा पडत होतं. बारीक थरथर होती, आपली आपण चालणारी. मशीनला एकदा म्हणजे निवड आणि दोनदा म्हणजे उघड. जी फाईल काढायची ती त्यांच्या हाताखाली उघडत होती.

साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. ही थरथर आजची नव्हती. गेल्या वर्षी मी 'नाही' म्हटल्यावर ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, ते या थरथरीकडे बघत होते. त्यांचा त्यांच्या हातावर संशय आधीपासूनच होता, कोणाला न सांगितलेला. मी फक्त त्याला अकरा महिने साक्ष दिली. मी हळूच विचारलं, "मी दाबू, साडू?"

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. "उघडलीच हाय तर बघून तरी घेऊ."

पडद्याच्या वरच्या बाजूला एक काळी, बारीक, किंचित वाकलेली रेघ होती. पापणीची असावी. खाली सगळं राखाडी. दादा पुढे वाकला, साडूंनी त्याला जागा व्हावी म्हणून खुर्ची सरकवली, आणि आम्ही तिघं ती रेघ पुष्कळ वेळ बघत बसलो. काढायची राहिलीच.